कुंडीत सालमपंजाची लागवड

काष्ठौषधींच्या दुकानांत वाळलेल्या स्वरूपात मिळणारा सालमपंजा हा हिमालयात सुमारे २,५०० मीटरहून अधिक उंचीवर, ओलसर कुरणांत वाढणाऱ्या एका ऑर्किडचा कंद होय. रानातून बेसुमार खणती झाल्याने ही वनस्पती दुर्मिळ झाली आहे. तेथील बागायतदारांनी रोपवाटिकेतलेच जिवंत कंद घ्यावेत. वाळलेला कंद रुजत नाही.

कंदाच्या निवडीतच बहुधा चूक होते. फुलोऱ्यानंतर झाडाखाली दोन कंद आढळतात. सुरकुतलेला कंद त्या वर्षीच्या फुलांस पोसून संपत आलेला असतो. टणक कंदावर पुढील वर्षाचा कोंब असतो. लागवड याचीच करावी.

पाने वाळल्यावर, शरद ऋतूत, कुजलेले पानखत, माती व जाड वाळू यांच्या मिश्रणात कोंब वर ठेवून कंद सुमारे पाच सेंटिमीटर खोल लावावा. त्याची बोटे मोडू नयेत; जखमेतून सड शिरते. ताजे शेणखत मुळीच घालू नये. हिवाळ्यात माती केवळ दमट राखावी व कोंब वर येताच पाणी वाढवावे. थंडीतील विश्रांतीवाचून हे झाड टिकत नाही. म्हणून महाराष्ट्राच्या उष्ण हवेत त्यावर खर्च करू नये.