सकस अन्न असता गोळी कशाला?

आपल्या संघाच्या स्मरणिकेत भुसार मालाच्या व्यापाऱ्याने बाजारभाव, कर अथवा वाहतुकीच्या अडचणी यांविषयी लिहावे, अशी अपेक्षा असते. यंदा मी निराळा विषय घेतला आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून बेळगावच्या पेठेत चाळीस वर्षे धान्य विकणारा मनुष्य आहे. जे लिहितो ते स्वतःच्या देहावर ओढवलेल्या प्रसंगामुळे.

काही वर्षांपूर्वी सूनबाई गरोदर असताना डॉक्टरांनी त्यांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या. मी म्हणालो, “सूनबाई, घरात धान्याची पोती आहेत, तूपदूध आहे, मग गोळ्या कशाला?” त्या नम्रपणे म्हणाल्या, “मामंजी, पोती घरात आहेत. माझ्या रक्तात किती उतरले, ते डॉक्टरांनी मोजले आहे.” हे उत्तर मला तेव्हा रुचले नाही.

पुढल्याच वर्षी माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. गादीवर बसून बसून असे होत असेल, म्हणून मी दुर्लक्ष केले. मग बोटे बधिर झाली. दाणा चिमटीत धरून त्यातील ओल सांगणे, हा माझा आयुष्यभराचा अभिमान. पण एके दिवशी ओल लागलेली तूर मी कोरडी समजून घेतली. तोटा सोसला, परंतु आपली बोटे आपल्याला फसवितात, हे दुःख त्याहून मोठे होते. रक्त तपासले, तेव्हा ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

त्याचे कारण समजून घेतले, तेव्हा माझा गर्व उतरला. हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात. धान्य, डाळी, भाजीपाला यांत ते नसते, तुपातही नसते. शाकाहारी मनुष्यास त्याचा नैसर्गिक आधार दूध, दही, ताक यांचाच. आणि माझे दूध चहापुरतेच उरले होते. शिवाय उतारवयात शरीराची ते शोषून घेण्याची शक्ती उणावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होऊ शकते. तात्पर्य, आपला आहार सात्त्विक खरा, पण सात्त्विक म्हणजे सर्वांगाने परिपूर्ण, असे मानणे ही माझी चूक होती.

या विद्येचा उगमही आपल्याच धंद्यातील मालापाशी आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. लष्करी इस्पितळातील उरलेला पांढराशुभ्र भात त्यांना घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो भात देणे बंद केले आणि साधा तांदूळ मिळू लागताच कोंबड्या बऱ्या झाल्या. कोंड्यात जे होते, ते गिरणीत निघून गेले होते. त्यालाच पुढे ‘ब-१’ म्हणू लागले. १९१२ मध्ये फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले आणि १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गिऱ्हाईक शुभ्र तांदूळ मागते आणि आम्ही तो देतो; यात आमचाही दोष आहे. गोवा-कोकणचा उकडा तांदूळ या बाबतीत बरा. उकडताना कोंड्यातील बरेच ‘ब-१’ दाण्यात उतरते.

मग सर्वांनीच गोळ्या घ्याव्यात काय? मुळीच नाही. ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात आणि अतिरेकाने अपाय करतात. शेजारी घेतो म्हणून आपण घेणे, हा वेडेपणा होय. आधी तपासणी, मग डॉक्टरांचा सल्ला, मग मात्रा. आपल्या धर्मबंधूंनी आणखी एक चौकशी करावी. पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. ‘ड-३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. वनस्पतिजन्य आवरण व बुरशीपासून केलेले ‘ड-२’ मिळते. दुकानदारास विचारण्यात संकोच नसावा.

मला इंजेक्शने घ्यावी लागली. बोटांना दाण्याची जाण परत आली. पायांचे अंगठे मात्र अद्याप पूर्ण जागे झालेले नाहीत. उशीर फार झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. सूनबाईंपाशी मी चूक कबूल केली. त्या केवळ हसल्या.

व्यापारी बंधूंनो, दर दिवाळीस आपण वहीचा ताळेबंद करतो. तूट दिसली तर ती भरतो, पण भरणा म्हणजे भांडवल नव्हे. अन्न हे भांडवल, गोळी हा भरणा. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा आपल्या रक्ताचा ताळेबंद पाहावा, एवढीच नम्र विनंती.