फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही

भोसरी, चिखली, चाकणच्या पट्ट्यात आपल्या कितीतरी कारागीर बांधवांचे घर आणि काम एकाच छपराखाली चालते. खाली वेल्डिंग व ग्राइंडर, वर स्वयंपाक आणि मुलेबाळे. पत्र्याचे शेड, पावसाळ्यातील ओल आणि जागोजागी जोड दिलेली वायर एकत्र आली की शॉकचा धोका वाढतो. "एमसीबी बसवला आहे, काळजी नाही," असे पुष्कळजण म्हणतात. हा गैरसमज दूर करणे आम्हांस जरुरीचे वाटते.

फ्यूज आणि एमसीबी असतात ते वायर जळू नये म्हणून. 16 अँपियरचा एमसीबी त्याहून बराच जास्त प्रवाह वाहिला तरच पडतो. घरातील वीज 230 व्होल्टची. ओल्या हाताला शॉक बसला तर शरीरातून सुमारे पाव अँपियर प्रवाह जाऊ शकतो. तेवढ्याने हृदय बंद पडू शकते; एमसीबीला मात्र पत्ताही लागत नाही.

माणसासाठी वेगळे उपकरण आहे, आरसीसीबी. बाजारात त्याला ईएलसीबीही म्हणतात. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परतते की नाही, हे ते पाहते. थोडी वीज शरीरातून जमिनीत गेली की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. दुकानदाराकडे 30 मिलिअँपियरचेच मागावे. फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर तेही वाचवू शकत नाही, म्हणून मेन बंद केल्याशिवाय दुरुस्ती करू नये.

सोबत चांगले अर्थिंग हवेच. अर्थिंगऐवजी न्यूट्रल जोडणे जीवघेणे आहे. न्यूट्रल तुटला की मशीनच्या अंगावर करंट येतो. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते वारंवार पडत असेल तर काढून टाकू नये, परवानाधारक वायरमनकडून गळती शोधून घ्यावी. मस्जिदीच्या वजूखान्याची मोटारही याच संरक्षणाखाली असावी.

फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडी-चिखलीतील भंगार गोदामे व शेड महापालिकेने पाडली. ज्यांना नव्या जागी बस्तान बसवावे लागले, त्यांनी तात्पुरत्या वायरिंगवर दिवस काढू नयेत.

कोणाला शॉक बसलाच, तर हात लावण्याआधी मेन बंद करावा, मग 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. कामगाराचा जीव मालकाकडे अमानत आहे. तिच्या हिफाजतीपुढे एका आरसीसीबीचा खर्च काहीच नाही.