काकांचं टक्कल, पुतणीची पाळी

‘घरात आणखी कुणाला आहे का हा त्रास?’ पाळी दोन-दोन महिने पुढे जाते म्हणून आलेल्या मुलीला डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतात. मुलगी आईकडे बघते, आई म्हणते, ‘नाही हो, आमच्याकडे कुणालाच नाही,’ आणि विषय तिथेच संपतो. वडिलांच्या घराण्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. पण पंचविशीत टक्कल पडलेले काका, पस्तिशीत शुगर निघालेले बाबा, हनुवटीवरचे केस वर्षानुवर्षं गुपचूप उपटणारी आत्या, ही सगळी त्याच प्रश्नाची उत्तरं असू शकतात.

त्रासाचं नाव पीसीओएस. दवाखान्याबाहेर सगळे त्याला पीसीओडीच म्हणतात. पाळी अनियमित, अंगात पुरुषी हार्मोन म्हणजे अँड्रोजन जास्त, आणि सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक पुटिकांची गर्दी, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या आणि दुसरा आजार नसला, की निदान पक्कं होतं. 2003 साली रॉटरडॅमला तज्ज्ञांनी हा नियम ठरवला आणि थोड्याफार फेरफारांसह जगभर आजही तोच चालतो.

एकीदोघींना तरी

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर या. समोर धरणाचं पाणी, पलीकडच्या तीरावर एनडीए, रस्त्याच्या कडेला शेगड्यांवर तडतडणारी कणसं. लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं कणीस घेऊन दहा मुलींचा घोळका उभा असेल, तर त्यातल्या एकीदोघींना पीसीओएस असण्याची शक्यता आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत 18 ते 40 वयाच्या 9,824 स्त्रिया तपासल्या गेल्या. कडक निकष लावला तर 7.2 टक्के आणि रॉटरडॅमचा सैल निकष लावला तर 19.6 टक्के स्त्रियांना पीसीओएस निघाला. हे आकडे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी 2014 मध्ये मुंबईतल्या 15 ते 24 वयाच्या मुलींचा अभ्यास आला होता. त्यात रॉटरडॅमप्रमाणे 22.5 टक्के आणि दुसऱ्या, कडक निकषाने 10.7 टक्के मुलींना तो सापडला. मोजपट्टी बदलली की आकडा दुपटीहून जास्त होतो. म्हणून ‘दर पाचवीला पीसीओडी’ असा मथळा दिसला, तर निकष कोणता, हे आधी बघावं.

घराण्यात चालतो का? हो, चालतो

सगळ्यात ठोस पुरावा दिला तो हॉलंडच्या जुळ्या बहिणींनी. 2006 मधल्या या अभ्यासात जुळ्या आणि त्यांच्या इतर सख्ख्या बहिणी मिळून तीन हजारांवर स्त्रिया होत्या. हुबेहूब जुळ्या बहिणींमध्ये पीसीओएसबाबतच्या साम्याचा गुणांक 0.71 आला, तर वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्या आणि साध्या बहिणींमध्ये 0.38. एकाच घरात, एकाच ताटात वाढूनही हा फरक राहतो, तो जनुकांमुळे. संशोधकांच्या हिशेबाने या आजाराचा सुमारे 70 टक्के भार आनुवंशिकतेवर पडतो.

अमेरिकेतल्या अलाबामात 2001 मध्ये रुग्णांच्या घरच्यांनाच तपासलं गेलं. पाळी अजून चालू असलेल्या आणि हार्मोनच्या गोळ्या न घेणाऱ्या नातेवाईकांपैकी 35 टक्के आयांना आणि 40 टक्के बहिणींना पीसीओएस निघाला. त्या भागातल्या सर्वसाधारण स्त्रियांमध्ये हे प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास होतं. स्वीडनच्या सरकारी नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं, की आईला पीसीओएस असेल तर मुलीला त्याचं निदान होण्याची शक्यता पाचपट वाढते. इथे एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यायला हवी. जिने स्वतः हा त्रास सोसलाय, ती आई मुलीला लवकर डॉक्टरकडे नेते, त्यामुळे निदानही जास्त होतं. पाचपटीतला थोडा वाटा या जागरूकतेचाही असणार.

आता हे येतं कसं? खडकवासल्याच्या माणसाला ते सांगणं सोपं आहे. आपलं धरण स्वतः जेमतेम 1.97 टीएमसीचं. पुण्याला पुरणारं पाणी येतं ते वरून: आंबी नदीवरच्या पानशेतमधून, मोसीवरच्या वरसगावमधून, मुठेवरच्या टेमघरमधून आणि मधल्या सगळ्या ओढ्यांमधून. पीसीओएससुद्धा असाच अनेक वाटांनी येतो. कुठलंही एक जनुक एकट्याने तो घडवत नाही. थोडं आईकडून, थोडं बाबांकडून असं साठत जातं, आणि मग वजन, झोप, हालचाल, ताण यांचा पाऊस त्यात किती पडतो त्यावर पातळी ठरते. सख्ख्या बहिणींपैकी एकीला त्रास आणि दुसरीला काहीच नाही, असं का घडतं, ते यावरून कळतं.

या वाटा शोधण्याचं काम अजून चालू आहे. 2011 मध्ये चिनी संशोधकांनी गुणसूत्रांवरच्या तीन जागा दाखवल्या. 2018 मध्ये युरोपीय वंशाच्या दहा हजारांवर रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासातून 14 जागा पुढे आल्या. त्यातलं डीईएनएनडी1ए हे जनुक चीनमध्येही सापडलं आणि युरोपातही. अंडाशयातल्या अँड्रोजन तयार करणाऱ्या पेशींना ते जास्त कामाला लावतं. आपल्याकडे मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. श्राबणी मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं याच मागावर काम केलं. त्यांच्या कामात भारतीय स्त्रियांचे नमुने आहेत, ही आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट. परदेशातल्या स्त्रियांवरून काढलेलं अनुमान आपल्या लेकींना जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

मग बाबांचा काय संबंध?

पुरुषाला अंडाशय नसतो, पण पीसीओएसची जनुकं असतात. 2018 च्याच अभ्यासात पुरुषांचं टक्कल आणि स्त्रियांचा पीसीओएस यांची मुळं काही अंशी एकच असल्याचं दिसलं. पुढे ब्रिटनमधल्या पुरुषांच्या जनुकीय नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांच्यात पीसीओएसची जनुकीय जोखीम जास्त, त्यांच्यात लठ्ठपणा, टाइप 2 मधुमेह, हृदयविकार आणि टक्कल या चारही गोष्टी जास्त आढळल्या. म्हणजे मुलीचं निदान ही भावाच्या आणि बाबांच्या तब्येतीसाठीही सूचना असते. तिची फाइल उघडली, की घरातल्या पुरुषांनीही एकदा शुगर आणि बीपी तपासून घ्यावं. प्रत्येक टकल्या काकांच्या पुतणीला पीसीओएस असतो असं नाही हं. पण फार लवकर पडलेलं टक्कल डॉक्टरांना सांगण्याजोगं नक्कीच आहे.

‘माझं तर सगळं वेळेवर होतं’

आईचं हे म्हणणं खरंही असतं, आणि तरी तिला तरुणपणी पीसीओएस असलेला असू शकतो. या स्त्रियांची पाळी तिशी-चाळिशीत बऱ्याचदा आपसूक नियमित होत जाते. आज 48 वर्षांच्या आईला विसाव्या वर्षी वर्षातून सहाच वेळा पाळी यायची, हे तिलाच आठवत नसतं. आजीच्या वेळी तर सोनोग्राफी नव्हतीच. लग्न लवकर, डोक्यावरून पाणी आणि दिवसभर रानातली कामं. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य त्यामुळे पुरावा म्हणून धरू नका. नेमकं विचारा: ‘आजी, तुझी पाळी दर महिन्याला यायची का? थोरला मामा लग्नानंतर किती वर्षांनी झाला?’

पुण्याने जगाला शिकवलेली गोष्ट

पीसीओएसच्या मुळाशी बऱ्याचदा इन्शुलिनला न जुमानणारं शरीर असतं. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. ते वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला अँड्रोजन बनवायला उद्युक्त करतं, आणि यकृतात तयार होणारं, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करतं. दोन्हीकडून अँड्रोजन मोकाट सुटतं. चेहऱ्यावर पुरळ, ओठांवर लव, डोक्यावरचे केस विरळ, आणि पाळी गायब.

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवतं. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास त्यांनी 1993 पासून चालवला. इथल्या बाळाचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळाचं 3.5 किलो. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. स्नायू कमी, चरबी जास्त. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला आणि जगभर गाजला. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2 टक्के.

आता ही गोष्ट सडसडीत मुलींना लावून बघा. ‘ही तर काडी आहे, हिला कसला पीसीओडी,’ असं घरचेच म्हणतात. पण काट्यावर कमी भरणाऱ्या मुलीच्या अंगातही इन्शुलिनचा गोंधळ चालू असू शकतो, म्हणून वजनकाट्यावर पूर्ण भरवसा टाकू नये.

तो गोंधळ बाहेरून दिसतो कधी कधी मानेवर. मानेच्या मागे, काखेत, मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा येतो. आईला तो मळ वाटतो. मग उटणं, लिंबू, वज्री, ‘मान नीट घास गं’ असा रोजचा धोशा. घासून घासून कातडी सोलवटते, पट्टा तसाच राहतो, आणि मुलगी उकाड्यातही केस मोकळे सोडून मान झाकते. तो मळ नसतोच. जास्तीच्या इन्शुलिनने कातडीवर उमटलेली ती खूण आहे. लेकीच्या मानेवर तसं काही दिसलं तर घासणी बाजूला ठेवा आणि रक्तातली साखर तपासा.

थोडं इकडचं, थोडं तिकडचं

1721 मध्ये व्हॅलिस्नेरी नावाच्या इटालियन वैद्याने एका तरुण, मूल न झालेल्या शेतकरी बाईचे अंडाशय बघून लिहून ठेवलं: मोठे, पांढरे, चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढे. पीसीओएसचं हे सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक मानतात. म्हणजे हा आजार पिझ्झा-बर्गरने आणलेला नाही.

1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांवर लेख लिहिला. अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढल्यावर सातही जणींची पाळी परत आली आणि दोघींना दिवस गेले. अनेक वर्षं या आजाराला त्या दोघांचंच नाव होतं.

पीसीओएसला सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी ही मुळात एका जांभळ्या फुलांच्या युरोपीय रानझाडातल्या द्रव्यावरून सुचली. जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी 1957 मध्ये मधुमेहासाठी तिचा वापर जगापुढे मांडला.

सोनोग्राफीत दिसणारी काळी वर्तुळं म्हणजे ट्यूमरच्या गाठी नव्हेत. पूर्ण न पिकलेल्या स्त्रीबीजांच्या त्या पुटिका असतात, त्यामुळे ऑपरेशन करून त्या काढायच्या नसतात. आणि सोळा वर्षांच्या मुलीची निव्वळ सोनोग्राफी बघून ‘पीसीओडी’ असा शिक्का मारत असतील, तर तो मान्य करू नका. किशोरवयात निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. त्या वयात अंडाशय तसे दिसणं नेहमीचंच. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर ती अनियमित असणंही स्वाभाविक आहे.

आणि लग्नाच्या बाजारात ज्याची सगळ्यात जास्त धास्ती घातली जाते, ते मूल. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होतं, काहींना आपोआप, काहींना औषधांनी. स्त्रीबीज तयार होण्यासाठी आता लेट्रोझोल ही गोळी पहिली पसंती मानली जाते. 2014 मध्ये 750 स्त्रियांवरच्या चाचणीत तिने जुन्या क्लोमिफेनला मागे टाकलं. ‘पीसीओडी आहे म्हणजे मूल होणार नाही’ असं म्हणून स्थळ मोडणं हा शुद्ध अन्याय आहे, आणि ज्या घरांत असं चालतं त्यांना तोंडावर सांगायला हवं.

घराण्यातून आलं, म्हणून हात टेकायचे नाहीत

जनुकं बदलता येत नाहीत, वजन-झोप-हालचालीचा तो पाऊस मात्र थोडाफार आपल्या हातात आहे. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्क्यांनी उतरलं तरी अनेकींची पाळी परत येते. आठवड्याला किमान 150 मिनिटं घाम येईल अशी हालचाल हवी. व्यायाम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, हे त्यामागचं शास्त्र. खडकवासल्याला यासाठी जिम शोधायची गरज नाही. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खुशाल खा. चौपाटीवरच्या कणसाने किंवा एका प्लेट कांदाभज्यांनी पीसीओएस होत नाही, आणि ते सोडल्याने जातही नाही. ‘बाहेरचं खातेस, रात्री मोबाइल बघतेस, म्हणून झालं’ हे बोलणं मात्र थांबवा. ज्याचा मोठा वाटा आपणच तिला जन्माबरोबर दिला, त्याचा दोष तिच्या माथी मारू नये.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा. आई, मावश्या, आत्या, बहिणी यांच्या पाळीचे आणि गर्भधारणेचे त्रास. दोन्हीकडच्या घरात मधुमेह कुणाला आणि कितव्या वर्षी. बाबा, काका, मामा यांचं टक्कल कितव्या वर्षी. निदान झालं, की दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासायची, आणि दिवस राहिले तर लवकरच. आणि सलग तीन महिने पाळी आली नसेल तर ‘येईल आपोआप’ म्हणून थांबू नका. गर्भाशयाचं अस्तर तसंच साचत राहिलं तर पुढे तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या.