दोन ज्वालामुखी किनारे आणि दानाचे पाणी

बव्हेरियातील शाळांमध्ये लॅटिन शिकणाऱ्या आपल्या मुलांना व्हेसुव्हियस पर्वत चांगला परिचित असतो. इ. स. ७९ मध्ये त्याच्या उद्रेकाने पाँपेई नगर राखेखाली कसे गाडले गेले, हे ती सहज सांगतात. मात्र त्याच शतकात कोकणच्या खाड्यांकाठी भिक्खुसंघ नांदत होता आणि तेथील बंदरांचा माल रोमन जगापर्यंत पोहोचत होता, हे त्यांना शाळेत सहसा कोणी सांगत नाही. ही उणीव आपणच भरून काढावी, या हेतूने उंटरश्लाइसहाइममधील आम्ही काही कुटुंबांनी फिंग्स्टनच्या सुटीत नेपल्सचा उपसागर पाहण्याचे ठरविले.

नेपल्सच्या पश्चिमेस काम्पी फ्लेग्रेई, म्हणजे 'जळती शेते', हा प्रदेश पसरलेला आहे. येथे एकच उंच पर्वत नाही. खचलेल्या एका विशाल ज्वालामुखीच्या पोटातच गावे वसली आहेत. १५३८ मध्ये येथे जेमतेम आठवडाभरात एक नवी टेकडी उभी राहिली. तिचे नावच 'मोन्ते नुओव्हो', म्हणजे नवा डोंगर.

या प्रदेशातील पोत्सुओली हे रोमनांचे मोठे व्यापारी बंदर होते. तेथील प्राचीन बाजारपेठेच्या अवशेषांत संगमरवराचे तीन उंच स्तंभ उभे आहेत. त्यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य छिद्रे दिसतात. ती खजुराच्या आकाराच्या एका शिंपल्याने पोखरली आहेत. हा जीव समुद्राच्या पाण्यातच राहतो. याचा अर्थ असा, की हे स्तंभ उभ्याउभ्या समुद्रात बुडाले, दीर्घकाळ पाण्यात राहिले आणि भूमी पुन्हा उचलली गेल्यावर वर आले. चार्ल्स लायेल यांनी १८३० मध्ये आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथाच्या आरंभी याच स्तंभांचे चित्र छापले. भूमीची ही हालचाल अद्याप थांबलेली नाही. १९८२ ते १९८४ या काळात पोत्सुओलीची जमीन सुमारे १.८ मीटर वर आली.

जवळच्या बाया गावी रोमन सम्राटांचे व श्रीमंतांचे विलासी महाल होते. सम्राट हेड्रियनचे निधन १३८ मध्ये येथेच झाले. भूमी खचत गेल्याने त्या महालांचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे. २००२ पासून हे संरक्षित सागरी उद्यान आहे. काचेच्या तळाच्या नावेतून आम्ही भिंतींच्या रांगा आणि समुद्रतळावर उभे केलेले पुतळे पाहिले. ते पुतळे प्रतिकृती आहेत. मूळ शिल्पे बायाच्या किल्ल्यातील संग्रहालयात ठेवली आहेत. भिंतींच्या फटींत माशांनी घरे केली आहेत. या समुद्रात पोसिडोनियाची हिरवी कुरणेही आहेत. पोसिडोनिया हे शेवाळ नव्हे. ती मुळे, पाने व फुले असलेली वनस्पती आहे आणि अनेक माशांची पिले तिच्या आश्रयाने वाढतात. स्तंभ पोखरणारा तो शिंपला काढण्यास युरोपीय संघात बंदी आहे, कारण त्याला बाहेर काढायचे तर खडकच फोडावा लागतो.

या समुद्राच्या अभ्यासात एका जर्मन माणसाचा मोठा वाटा आहे. आंतोन डोर्न या प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये नेपल्समध्ये सागरी संशोधन केंद्र स्थापन केले. तेथील मत्स्यालय १८७४ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ती १९३८ मध्ये पाँपेईतील एका घरात सापडली आणि ती भारतीय आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या मूर्तींशी तिचे जवळचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. ती नेमकी कोठे घडली, याबाबत मतभेद आहेत. परंतु भोकरदनचे नाव आपल्याला आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. भोगवर्धन या त्याच्या प्राचीन नावाने तेथील उपासकांची दाने सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. याच उपसागरातील रोमन आरमाराचा प्रमुख असलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात तक्रार केली आहे, की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात त्याचा मृत्यू झाला.

आता आपला किनारा पाहू. कोकण व सह्याद्री यांचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे ते थर आहेत. या कठीण पाषाणात आपल्या पूर्वसूरींनी लेणी खोदली. सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले; सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तेथेच मिळाले. राजपुरीच्या खाडीजवळ कुडे येथे २६ लेणी आहेत. खाडीकाठी तिवरांचे रान, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आणि खडकांना चिकटलेली कालवे हे तेथील सागरी जीवन. कोळी बांधव ते पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे आणि भिक्खुणीही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ तर यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांनी, दिलेले आहेत. बायाच्या महालांपाशी आम्हाला सम्राटांची नावे सांगण्यात आली; ते महाल उभारणाऱ्या हातांची नावे मात्र कोणी सांगू शकले नाही. कुड्याचा माळी आपल्या नावानिशी आजही दगडात उभा आहे.

बायाजवळच्या बाकोली गावी 'पिशिना मिराबिलिस' नावाचे भूमिगत जलागार आहे. ४८ खांबांवर पेललेले हे टाके मऊ ज्वालामुखी खडकात कोरले असून त्यात बारा हजार घनमीटरहून अधिक पाणी मावत असे. "हे पाणी कोणासाठी होते?" असे आमच्यातील एका मुलीने विचारले. आरमारासाठी, असे उत्तर परंपरेने दिले जाते. त्या प्रश्नाने आम्हाला महाडची आठवण झाली. महाडजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. विष्णुपालित नावाच्या राजपुत्राने तेथे चैत्यगृह, भिक्खूंसाठी खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोढी दिल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. ज्या डोंगरात पाणी दान म्हणून दिले गेले, त्याच्याच परिसरातील गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

मुलांना हे सांगताना आमच्या लक्षात आले, की महाडचा सत्याग्रह केवळ नवा हक्क मागणारा नव्हता. त्याच भूमीत कधीकाळी रुजलेली आणि नंतर बुजविली गेलेली पाण्याची उदारता त्याने पुन्हा उघडी केली. पोत्सुओलीचे स्तंभ बुडाले आणि वर आले, याची साक्ष शिंपल्यांच्या छिद्रांनी दिली. आपला वारसा कसा बुडाला व कसा वर आला, याची साक्ष आपल्या शिलालेखांत आहे. ती वाचणारे डोळे मात्र पुढील पिढीत तयार व्हावयास हवेत.

म्हणून आपणा सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे. भारतभेटीत दीक्षाभूमी व चैत्यभूमीला आपण जातोच. यापुढे मुलांसह कोकणासाठीही दोन दिवस राखून ठेवावेत. गांधारपालेची लेणी मुंबई-गोवा महामार्गालगत आहेत. कुड्याला माणगावहून तळामार्गे जाता येते. ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, म्हणजे खाडीकाठचे जीवही पाहता येतील. त्यांना हात न लावता पाहावे. लेण्यांतील अक्षरे मुलांना वहीत उतरवू द्यावीत आणि पोढीपाशी थांबून हे पाणी कोणी, कोणासाठी दिले, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे.