कपिलाषष्ठी, ब्लू मून आणि उलटी गंगा

इंग्रजीत ‘व्हेन पिग्ज फ्लाय’ आणि ‘वन्स इन अ ब्लू मून’ असे दोन वाक्प्रचार आहेत. मराठी अनुवादांत या दोघांच्या वाट्याला पुष्कळदा एकच शब्द येतो: ‘कपिलाषष्ठीचा योग’. पहिल्याचा अर्थ ‘कधीच नाही’, दुसऱ्याचा ‘क्वचित’. मराठीत या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे शब्द मुबलक आहेत. तरीही घोटाळा का होतो, हे पाहण्यासाठी आपल्याकडच्या शब्दांची प्रतवारी लावून पाहू.

पहिली प्रत निखळ अशक्याची. सशाचे शिंग, आकाशातले फूल, वांझेचा मुलगा ही तर्कशास्त्र्यांची लाडकी उदाहरणे. वाळू रगडून तेल काढण्याची कल्पना भर्तृहरीच्या नीतिशतकातली. वामन पंडितांच्या अनुवादामुळे ती मराठी घराघरांत पोचली. तिथे कवीची खोच अशी, की एक वेळ वाळूतून तेल निघेल, पण मूर्खाची समजूत पटणार नाही. म्हणजे अशक्यातही पायऱ्या आहेत! बोलीत हेच काम ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ ही म्हण करते. ‘जर-तर’च्या गप्पा मारणाऱ्याला ती एका वाक्यात गप्प बसवते. इंग्रजांची उडती डुकरे याच प्रतीतली.

दुसरी प्रत योगायोगाची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. ही गोष्ट घडते. मात्र तिच्यामागे कार्यकारण नसते आणि ती पुन्हा केव्हा घडेल हे सांगता येत नाही.

तिसरी प्रत कपिलाषष्ठीची. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात योग आणि सूर्य हस्त नक्षत्रात, अशा पाच गोष्टी जुळल्या की हा योग होतो. तो साठ वर्षांनी येतो असा समज आहे. पाच अटी ऐकून छाती दडपते, पण पंचांगाचे गणित जाणणाऱ्याला त्यातली गंमत कळेल. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातले अंतर. योग म्हणजे त्या दोघांच्या स्थानांची बेरीज. सूर्य हस्तात असताना वद्य षष्ठी आली, की चंद्र रोहिणीच्या आसपास असणे आणि बेरीज व्यतिपाताजवळ जाणे हे ओघानेच येते. खरा स्वतंत्र गडी एकच, तो म्हणजे मंगळवार. तेव्हा कपिलाषष्ठी दुर्मीळ आहे, पण ती येणार हे नक्की आणि कधी येणार हे आधी मांडता येते. तिला ‘कधीच नाही’च्या रांगेत बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

ब्लू मूनचा प्रवास याहून मजेदार आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘चंद्र निळा आहे’ म्हणणे म्हणजे धडधडीत खोटे बोलणे. पुढे अर्थ सौम्य होत ‘क्वचित’वर आला. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या धुळीमुळे अनेक ठिकाणी चंद्र खरोखरच निळसर दिसला. एकाच इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा हा आजचा अर्थ तर १९४६ मधल्या एका अमेरिकन खगोल-मासिकातल्या चुकीतून रूढ झाला. या अर्थाने ब्लू मून १९ वर्षांत साधारण ७ वेळा येतो. आपला अधिक मासही १९ वर्षांत ७ वेळाच येतो, कारण दोन्हींच्या मुळाशी सौर आणि चांद्र वर्षांतला तोच फरक आहे. इंग्रजांना त्यात नवल दिसले. आपल्या शेतकऱ्याला मात्र खाणारी तोंडे तीच आणि महिना एक जास्त, एवढेच दिसले. म्हणून आपल्याकडे ‘दुष्काळात तेरावा महिना’ आला.

‘कधीच नाही’चे ‘क्वचित’ झाले, म्हणजे शब्दाची प्रत बदलू शकते. याचा सर्वांत मोठा दाखला मी राहतो त्या मुळशीत आहे. ‘उलटी गंगा’ हा आपल्याकडे विपरीताचा शब्द. मुळेचे पाणी पुण्याच्या संगमावरून भीमेत, तिथून कृष्णेत आणि अखेर पूर्वेच्या बंगालच्या उपसागरात जायचे. टाटा कंपनीने धरण बांधून ते अडवले आणि पश्चिमेकडे वळवले. सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात ते पडते. १९२७ पासून तिथे वीज होते. पुढे ते पाणी कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. कोलाडला राफ्टिंग करणाऱ्यांच्या होड्या याच पाण्यावर तरंगतात. गंगा उलटी वाहिली, आणि रोज वाहते.

दुसरा शब्द ‘आचंद्रार्क’. चंद्र-सूर्य आहेत तोवर जमीन तुमची, अशी ग्वाही जुन्या ताम्रपटांत असे. चंद्र-सूर्य नाहीसे होणे अशक्य, म्हणून दानही अढळ, असा तो तर्क. वडिलोपार्जित भातखाचरांवर मावळ्यांचा विश्वास याच जातीचा होता. चंद्र-सूर्य जागेवर राहिले आणि खाचरे पाण्याखाली गेली. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेल्या सत्याग्रहाची घोषणा ‘जान किंवा जमीन’ होती. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या त्या लढ्यात ‘जर-तर’ला जागाच नव्हती. तरी धरण झाले.

म्हणून शब्दांची ही प्रतवारी केवळ अनुवादकाच्या सोयीची बाब नाही. ‘हे अशक्य आहे’ असे कोणी म्हणाले, की ते सशाचे शिंग आहे की कपिलाषष्ठी, हे विचारून घ्यावे. शिंगाची वाट पाहण्यात अर्थ नाही. कपिलाषष्ठीची तारीख काढता येते. आणि नदी उलटी फिरवणे ज्यांना शक्य झाले, त्यांच्याच तोंडी विस्थापिताला जमिनीच्या बदल्यात जमीन देणे ‘अशक्य’ असेल, तर हा शब्द गणितातून आला की सोयीतून, हेही तपासून पाहावे.