यूएपीएखाली अटक झाली तर आपले हक्क कोणते?

माझ्या वर्गात, आठवीत, भांडणात एका मुलाने दुसऱ्याला ‘अतिरेकी’ म्हटले. विचारले तर म्हणाला, “सर, टीव्हीवर असंच दाखवतात.” दुसरा मुलगा गप्पच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी आली. तिला तक्रार करायची नव्हती, एक प्रश्न विचारायचा होता: “सर, उद्या आपल्यापैकी कुणाला पोलिसांनी उचललं, तर करायचं काय?”

मालेगाव आठवा. ८ सप्टेंबर २००६, जुम्मा आणि शब-ए-बरात. बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले, तीसहून जास्त जीव गेले, बहुतेक मुसलमानच. अटकही नऊ मुसलमानांना झाली. सात जणांना जामीन मिळायला नोव्हेंबर २०११ उजाडला. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने सर्वांना आरोपमुक्त केले, तोवर नऊपैकी एक जण हयात नव्हता. ज्यांचे जवळचे गेले, त्यांना तरी यातून काय मिळाले?

ते प्रकरण मोक्काखाली चालले. आज जास्त ऐकू येतो तो १९६७चा यूएपीए. एरवी आरोपपत्रासाठी पोलिसांना जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, इथे न्यायालय १८० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर जामीन नाही. म्हणून निकालाआधीच माणसाची अनेक वर्षे तुरुंगात जातात. २०१९ पासून तर संघटनेप्रमाणे एकट्या माणसालाही सरकार दहशतवादी जाहीर करू शकते.

कायदा कडक असला तरी राज्यघटनेचे कलम २२ कायम आहे. हे लक्षात ठेवा:

• अटकेची कारणे लेखी मागा. यूएपीएतही ती लेखी द्यावीच लागतात, असे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितले.
• प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणे बंधनकारक आहे.
• अटकेची खबर घरच्यांना मिळाली पाहिजे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते.
• साक्षीदार म्हणून चौकशी असेल, तर बाईला, १५ वर्षांखालील मुलाला किंवा ६० वर्षांवरील पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. चौकशी घरी व्हायला हवी.
• कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.
• खटला वर्षानुवर्षे रखडला, तर यूएपीएतही हायकोर्ट जामीन देऊ शकते. सुप्रीम कोर्टाचा २०२१चा के. ए. नजीब निकाल हेच सांगतो.

न वाचता, कोऱ्या कागदावर किंवा दबावाखाली सही करू नका. व्हॉट्सॲपवर ऐकीव गोष्टी पुढे पाठवू नका, त्या घरच्यांनाच भोवतात.

शेवटची गोष्ट आपल्याच मोहल्ल्याची. कुणाला अटक झाली, की त्याच्या घरी आपले जाणे-येणे थांबते. ‘आपल्यावर नको’ म्हणून सलामसुद्धा टाळतो. दोष ठरवायचे काम कोर्टाचे आहे. ते होईपर्यंत त्या घरची मुले शाळेत येतात का, चूल पेटते का, एवढे तरी आपण पाहू शकतो. त्या अम्मीला मी हेच सांगितले, आणि पालकसभेत सगळ्यांनाच सांगणार आहे.