परीक्षकांना न पटलेला अभ्यासक्रम

वित्तीय अर्थशास्त्राची पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं उघडली की वर्तमान मूल्य, जोखीम, पोर्टफोलिओ, ऑप्शन अशी कोरडी प्रकरणं ओळीने उभी असतात. ती कुणी लिहिली, कशी लिहिली हे वर्गात क्वचितच सांगतात. खरं तर सगळ्यात मजेशीर भाग तोच आहे. यातल्या कितीतरी कल्पना विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जन्मल्या, आणि त्या वाचून परीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

आइन्स्टाइनच्या पाच वर्षं आधी

२९ मार्च १९०० रोजी लुई बाशेलिए या विद्यार्थ्याने पॅरिसला सॉर्बोनमध्ये गणिताचा प्रबंध मांडला. विषय होता चक्क सट्टा! पॅरिसच्या बाजारात सरकारी कर्जरोख्यांचे भाव कसे हलतात, याचं गणित त्याने बांधलं. त्याचं म्हणणं असं की, घेणारा आणि विकणारा दोघेही हाताशी असलेली माहिती धरूनच सौदा करतात. त्यामुळे पुढची हालचाल वर की खाली, यावर सटोडियाला सरासरीने काहीच मिळत नाही. पाण्यात थरथरणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी आइन्स्टाइनने १९०५ मध्ये असंच गणित मांडलं. परीक्षकांत आंरी पोआंकारेंसारखा दिग्गज होता. त्यांनी मौलिकतेचं कौतुक केलं, पण विषय नेहमीच्या वाटेवरचा नाही हेही नोंदवलं. त्यानंतर अर्थशास्त्रज्ञांनी या प्रबंधाकडे जवळपास अर्धशतक ढुंकूनही पाहिलं नाही. १९५० च्या दशकात सॅव्हेज या संख्याशास्त्रज्ञाने ओळखीच्यांना पोस्टकार्डं टाकून ‘हा बाशेलिए कुणी वाचलाय का?’ अशी विचारणा केली. त्यातलं एक कार्ड अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांना मिळालं आणि मग चक्रं फिरली.

‘हे अर्थशास्त्रच नाही’

हॅरी मार्कोविट्झ शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जॉन बर विल्यम्स यांचं १९३८ चं पुस्तक वाचत होते. शेअरची किंमत म्हणजे त्याच्या भावी लाभांशांचं आजचं मूल्य, असं त्यात म्हटलेलं. मार्कोविट्झना वाटलं, तसं असेल तर सगळा पैसा सर्वांत फायद्याच्या एकाच शेअरमध्ये घालावा. मग लोक तसं का करत नाहीत? कारण त्यांना जोखमीचीही पर्वा असते. इथून १९५२ चा तो प्रसिद्ध लेख जन्मला. त्याचं मर्म असं की, एकटा शेअर किती धोक्याचा हे दुय्यम. तो बाकीच्या शेअरांबरोबर पडतो की त्यांच्या उलट चालतो, हे महत्त्वाचं. विदर्भातला शेतकरी कपाशीत तुरीच्या ओळी टाकतो, तो याच हिशेबाने. मार्कोविट्झनी त्या शहाणपणाला सूत्र दिलं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी हरकत घेतली: गणितात चूक नाही, पण हे अर्थशास्त्र नाही, मग अर्थशास्त्राची डॉक्टरेट कशी द्यायची? शेवटी पदवी मिळाली. १९९० मध्ये नोबेलही मिळालं. त्या वेळच्या व्याख्यानात मार्कोविट्झनी मोठ्या मनाने फ्रीडमन यांना दाद दिली: तेव्हा पोर्टफोलिओचा सिद्धांत अर्थशास्त्राचा भाग नव्हताच, आता आहे.

बकरीच्या कातड्यावरचं व्याज

‘अनंत काळ मिळणारं व्याज’ हे पाठ्यपुस्तकातलं प्रकरण कुणाला खरं वाटत नाही. पण १६४८ मध्ये नेदरलँड्समध्ये लेक नदीचा बांध सांभाळणाऱ्या मंडळाने बकरीच्या कातड्यावर लिहून एक कर्जरोखा काढला. त्याला मुदतच नाही! अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने तो २००३ मध्ये सुमारे २४,००० युरोंना विकत घेतला आणि २०१५ मध्ये बारा वर्षांचं थकलेलं व्याज वसूलही केलं: १३६.२० युरो. म्हणजे वर्षाला ११.३५ युरो. आता वर्गातलं सूत्र लावा. वार्षिक व्याज भागिले व्याजदर. दर ५ टक्के धरला तर ११.३५ भागिले ०.०५, म्हणजे अवघे २२७ युरो. बाकीचे पैसे येलने इतिहासासाठी मोजले, आणि माझ्या मते ते सार्थकी लागले. या एका उदाहरणाने वर्तमान मूल्य जितकं डोक्यात बसतं, तितकं दहा गणितांनी बसत नाही.

झटपट

पैसे किती वर्षांत दुप्पट होतील? ७२ ला व्याजदराने भागा. ८ टक्क्यांना ९ वर्षं, १२ टक्क्यांना ६. हा नियम लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ च्या पुस्तकात आहे, स्पष्टीकरणाविना.

ऑप्शन म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने सौदा करण्याचा हक्क, सक्ती नव्हे. त्याची सर्वांत जुनी गोष्ट ॲरिस्टॉटल सांगतो. थेलीस या तत्त्वज्ञाने ऑलिव्हचं पीक अमाप येणार हे ताडलं, हंगामाआधीच थोडाथोडा इसार देऊन तेलाचे घाणे राखून ठेवले आणि ऐन हंगामात आपण ठरवलेल्या दराने भाड्याने दिले.

ऑप्शनच्या किमतीचं ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ मध्ये छापून आलं; त्याआधी नियतकालिकांनी तो लेख परत पाठवला होता. फिशर ब्लॅक यांची डॉक्टरेट उपयोजित गणितातली. १९९७ चं नोबेल शोल्स आणि याच सूत्राला हातभार लावणारे मर्टन यांना मिळालं; ब्लॅक १९९५ मध्येच गेले होते. नोबेलच्या पुढच्याच वर्षी, शोल्स आणि मर्टन यांचा सहभाग असलेला एलटीसीएम हा फंड बुडाला. त्याला सावरायला १४ वित्तसंस्थांना मिळून सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतावे लागले. सूत्राबरोबर ही हकीकतही शिकवायलाच हवी.

आपल्या मुंबईत

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर एका शेअर दलालाच्या पैशातून उभा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरांचं वेड पसरलं. त्या तेजीचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आई राजाबाईंच्या नावाने मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, त्याबरोबर शेअर आणि खुद्द प्रेमचंदही. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. बुडबुडा म्हणजे काय, हे शिकायला मुंबईच्या विद्यार्थ्याला हॉलंडच्या ट्यूलिपच्या सट्ट्यापर्यंत जायची गरज नाही.

आणखी एक नाव इथे हवंच. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला गेले आणि त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. रुपयाच्या किमतीशी सरकारला खेळता येऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद त्याच प्रस्तावनेत नोंदवले, आणि विचारांच्या ताजेपणाला दादही दिली. पदवीच्या प्रत्येक वर्गात हा ग्रंथ निदान चाळला तरी जावा.

एकाच वर्षी दोन उलट उत्तरं

युजीन फामा सांगतात, उपलब्ध माहिती भावात आधीच उतरलेली असते. रॉबर्ट शिलर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की लाभांश हलतात त्याच्या कितीतरी पट जास्त भाव उसळतात आणि आपटतात. २०१३ चं नोबेल या दोघांना, लार्स पीटर हॅन्सन यांच्यासोबत, एकत्रच मिळालं. परीक्षेत ‘बाजार कार्यक्षम असतो का? चर्चा करा’ असा प्रश्न आला, तर पूर्ण गुणांसाठी दोघांनाही उत्तरात जागा द्यावी लागते.